बॉक्स फाडून टाक

प्रिय श्रीदेवी,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरात सगळं ठीक आहे. फोन सोडून कागदावर लिहायचं कारण एवढंच, की मी तुला फोन लावला की अप्पा हॉलमधल्या टीव्हीचा आवाज बारीक करतात आणि तू तिकडून प्रत्येक गोष्टीला ‘बरं’ म्हणतेस. मी म्हणते पाणी चार दिवसाआड येतंय, तू म्हणतेस बरं. मी म्हणते मल्लिनाथकाकांच्या घरी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तू म्हणतेस बरं, आता चालतात का काकू? ऑपरेशन काकूंचं झालं, हे मी सांगितलंच नव्हतं. त्या घराशी आपलं बोलणं नाही, मग तुला कुणी सांगितलं, हे मी मनात ठेवून दिलं आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला म्हणतात, तसं तुझ्या अप्पांच्या संसारात संशय घ्यायची विद्या मलाही आली.

सध्या तो संशय अप्पांवरच आहे. त्यांचं काहीतरी शिजतंय. सकाळी ‘सिद्धेश्वराला जाऊन येतो’ म्हणून निघतात आणि परत येतात ते हातात ना फूल, ना प्रसाद. शर्टाला मात्र ऑइलचा वास. मागच्या आठवड्यात गाडीला नवे वायपर दिसले. वाकून बघितलं तर कंपनीचे नाहीत, लोकल. तुझ्या अप्पांनी लोकल वायपर बसवले, बाई! जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात सगळी नोकरी सिमेंटमध्ये राख मिसळली का हे बघण्यात गेली त्यांची. साधा ऑइल फिल्टर आणला तरी माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून आधीच्याशी वजन ताडून बघणारा माणूस. होलोग्राम उन्हात धरायचा, नंतर बॅटरीखाली धरायचा, अक्षरांचं स्पेलिंग मोठ्यानं वाचायचं. गाडी इतकी जुनी झाली, तिचा रंग उडाला, दारं ओरडायला लागली, पण आत एक स्क्रू परका शिरू दिला नाही. मला वाटलं एक तर यांना काही आजार झाला आहे, नाहीतर मला न सांगता गाडी विकायला काढली आहे.

तुला आठवतं का, नवा पार्ट आणला की तो गॅरेजला जायच्या आधी देवघरापुढे यायचा. आपल्या घरात नव्या वस्तूला विभूती लावतात, ती सगळेच लावतात. पण काळ्याकुळकुळीत लोखंडाला ओली विभूती लावली की बसवराज मेकॅनिक कुरकुरायचा, ‘साहेब, ब्रेकला भस्म नगं, घसरतंय की.’ म्हणून अप्पांनी तोड काढली होती. बॉक्सचं झाकण उघडायचं आणि आतल्या बाजूला तीन बोटं ओढायची. बॉनेट पडून त्यांच्या मधल्या बोटाचं टोक गेलं ना, तेव्हापासून त्यांचा पट्टा वरची रेघ लांब, खालची लांब आणि मधली आखूड असा उमटतो. तू लहानपणी म्हणायचीस, अप्पांच्या महादेवाचा एक दात पडलाय.

पार्ट गाडीत जायचा आणि रिकामा बॉक्स माळ्यावर. मल्लिनाथकाका दुकानातून पार्ट देताना न चुकता सांगायचे, ‘राजू, घरी गेल्यावर बॉक्स फाडून टाक बरं का.’ आणि अप्पा म्हणायचे, ‘का म्हणून? चांगला पुठ्ठा हाय की.’ ज्या माणसानं विभूती लावली तो ती फाडणार कसा, हेही एक होतंच. दिवाळीच्या आधी माळा झाडला की ते सगळे बॉक्स भंगारवाल्याला जायचे. तो बाकीच्या रद्दीला जो भाव देई त्याहून कंपनीच्या अखंड, न फाटलेल्या बॉक्सला चांगला भाव द्यायचा. अप्पा खूश. आपण त्याला कसा घोळात घेतला, हे शेजारच्या शिवानंदरावांना दोन-तीनदा तरी सांगायचे.

आता वळसंगचा विषय काढते. तुला नको असेल, तरी वाच. अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्याला पट्टी होती, म्हणून तेवढ्या एका खेपेला ब्रेक पॅड त्यांच्या हाताखालून न जाता दुकानातून थेट गॅरेजला गेले. ना वजन, ना विभूती. आणि नंतर आपण दोघी अक्कलकोटहून येताना वळसंगच्या अलीकडे ब्रेक लागलाच नाही. उसाची ट्रॉली तू कशी चुकवलीस ते मी अजून स्वप्नात बघते. बाभळीत गेलो म्हणून वाचलो. तुझ्या भुवईवर टाके पडले. बसवराजनं चाक खोललं तर पॅडवरचा मसाला, तो घासणारा थर, पापुद्र्यासारखा सुटून हातात आला. चक्क डुप्लिकेट, आणि बॉक्स मल्लिनाथच्या दुकानातला.

काकांच्या नंदीशशी तुझा साखरपुडा ठरलेला होता. अप्पा तसेच, ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून होटगी रोडच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर बोलले, ‘ज्याचा माल डुप्लिकेट, त्याचा पोरगा तरी ओरिजिनल कशावरून?’ मल्लिनाथकाका एवढंच म्हणत राहिले, ‘बॉक्स खरा होता रे राजू, तुझ्या गळ्याची शप्पथ, बॉक्स कंपनीचाच होता. एजंटनं दिला तसा घेतला.’ नंदीश बिचारा समजावायला गेला, की काका, लोकल वेगळा आणि डुप्लिकेट वेगळा, लोकल निदान स्वतःचं नाव लावून येतो, आम्ही लोकल विकतो ते लोकल म्हणूनच विकतो. त्यालाही अप्पांनी ‘सुम्मनिरु’ म्हणून गप्प केलं. शाळेच्या बाकावरची दोस्ती होती ती, एका दुपारी संपली. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता, आजही आहे. पण त्या दिवशी ते घाबरलेले होते, श्रीदेवी. तुझं रक्त बघून आलेले होते. घाबरलेल्या माणसाला आळ घ्यायला कुणीतरी लागतं.

तो बॉक्स त्यांनी ‘पुरावा’ म्हणून पिशवीत गुंडाळून, दोरी बांधून कपाटावर ठेवला. ग्राहक मंचात जाणार होते. गेले नाहीत. तू पुण्याला गेलीस, नंदीशही त्याच वर्षी धंद्याचं निमित्त करून पुण्याला गेला. पुणे मोठं आहे, तिथं पुष्कळ लोक जातात, असं मी माझ्या मनाला सांगितलं.

तर या महिन्यात काय झालं ऐक. अप्पा मोबाईलवर एकच व्हिडिओ परत परत लावत होते. मी भाकऱ्या थापतेय आणि आतून तोच एक माणूस तेच बोलतोय. रिकामे बॉक्स फाडून टाका, भंगारात देऊ नका, नकली माल भरणारे असे अखंड बॉक्स शोधत असतात. मला वाटलं, झालं, आता नवं खूळ. दुसऱ्या दिवशी मोरीत पुठ्ठ्याचे कपटे भिजत पडलेले दिसले. माळ्यावरचे उरलेले सगळे बॉक्स त्यांनी नखाएवढे तुकडे करून फाडले होते. आणि कपाटावर पुराव्याची पिशवी नव्हती. दोरी तेवढी होती.

तेव्हा मात्र मी चप्पल घातली आणि बसवराजचं गॅरेज गाठलं. आधी तो हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, ‘अक्का, साहेबाला मी सांगितलं म्हणू नगा. ते रोज होटगी रोडला जातेत. मल्लिनाथशेठच्या दुकानासमोरच्या टपरीवर च्या पितेत. दुकानात जात न्हाईत, नुसतं बघत हुबारतेत.’ पुढचंही त्यानंच सांगितलं. एका सकाळी मल्लिनाथकाका स्वतः रस्ता ओलांडून आले आणि त्यांनीही चहा सांगितला. दोघं शेजारी उभे राहून चहा प्यायले. त्यानंतरच्या एका दिवशी अप्पा दुकानाची पायरी चढले आणि म्हणाले, वायपर दे. काकांनी विचारलं, कंपनीचे का? तर म्हणाले, ‘तू देशील ते दे.’

घरी येऊन मी देवघर उघडलं. मला कसं सुचलं कोण जाणे, पण या माणसाला काही लपवायचं असलं की तो देवामागेच लपवतो. बॉक्स तिथंच होता, वळसंगचा. वरून नवा कोरा दिसतो, होलोग्राम जागच्या जागी. झाकण उघडलं तर आतल्या बाजूला विभूतीचा वाळलेला पट्टा. वरची रेघ लांब, खालची लांब, मधली आखूड.

मी तिथंच पाटावर बसले. बॉक्स खराच होता. काका खोटं बोलले नव्हते. आपल्याच गाडीच्या आधीच्या ब्रेक पॅडचा तो बॉक्स, आपल्याच माळ्यावरून भंगारात गेला, कुणीतरी त्यात नकली माल भरला, आणि गाव फिरून आपल्याच चाकापाशी आला. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाला एवढाच संशय आला नाही, की भंगारवाला रिकाम्या बॉक्सला जास्तीचा भाव का देतोय. हसू की रडू मला कळेना, मग दोन्ही झालं.

मी त्यांना काही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, विभूती डुप्लिकेट असेल. पण ते रात्रीचं जेवण अर्धं टाकून उठतात, तुझा फोन आला की टीव्ही बारीक करून कान देऊन बसतात, हे मी बघते. तुझ्यासारखंच आहे त्यांचं, चूक कळली की जीभ जड होते. माझ्याजवळ बोलले नाहीत, याचं थोडं वाईट वाटलं. मग म्हटलं, जिच्याजवळ बोलायचं ती मी नव्हेच.

आता हे पत्र का, ते सांगते. काल अप्पांनी बसवराजकडून गाडीचे चारही ब्रेक तपासून घेतले आणि मला म्हणाले, रविवारी पुण्याला जाऊन येतो, एक पार्ट हवाय, सोलापुरात मिळत नाही. सोबत कोण म्हटलं, तर मान खाली घालून म्हणाले, ‘मल्ल्या येतोय.’ स्पेअर पार्टचं दुकान असलेला माणूस शेजारी बसवून पुण्याला पार्ट शोधायला चाललेत. देवघरातला बॉक्स आज सकाळपासून तिथं नाही, गाडीत गेला असणार. त्यांना लवकर बोलता यायचं नाही. आधी रस्त्याबद्दल बोलतील, मग तुझ्या नळाच्या तोटीला नावं ठेवतील, आणि मग कधीतरी बॉक्स पुढे करतील. तेवढा वेळ ‘बरं’ म्हणून दार लावू नकोस. त्यांना आत घे, चहा ठेव. काकांना बिनसाखरेचा. आणि नंदीश त्या दिवशी तुझ्याकडे असलाच, तर त्याला गॅलरीत उभा करू नकोस. मला काही माहीत आहे असं मी म्हणत नाही. संशय आहे, एवढंच.

तुझीच,
अव्वा