बाबांच्या पत्रांचा क्रम

९ नोव्हेंबर

प्रिय टपालराव,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं बरं चाललंय. आईची तब्येत ठीक आहे. प्रदर्शनात तुला पदक मिळाल्याचं तुझ्या बायकोनं फोनवर सांगितलं. अभिनंदन. एकाच विनाशिकेवरून, बाबांच्या त्या युद्धनौकेवरून, आलेलं टपाल जमवण्यात अर्धं आयुष्य घालवणारा माणूस आपल्याच घरात निपजावा, याचं मला अजून नवल वाटतं. असो.

आईला आता दिसत नाही, म्हणून दुपारी मी तिला बाबांची युद्धातली पत्रं वाचून दाखवते. काल तिनं मला मध्येच अडवलं. म्हणाली, "अगं, ह्यांचा दात काढून झाल्यावर दुखायला कसा लागेल? क्रम चुकलाय तुझा."

चुकणारच. पत्रात तारीख लिहायला तेव्हा बंदी होती. तारीख फक्त बाहेर, जहाजाच्या शिक्क्यात, आणि ती पाकिटं तुझ्याकडे. वाटणीच्या दिवशी तू पाकिटं मागितलीस, मी म्हटलं, घेऊन जा ती टरफलं. त्यावरून जे वाजलं ते वाजलं. तू फिरकला नाहीस आणि मीही बोलावलं नाही.

पाकिटांचे फोटो पाठवून भागणार नाही. कुठलं पत्र कुठल्या पाकिटातलं, हे मला काय कप्पाळ कळणार? जहाजावरचा टपाल-कारकून शिक्का मारायचा की खिळा ठोकायचा कोण जाणे, आतल्या कागदावरही त्याचे वळ उठलेत, असं तूच एकदा दाखवलं होतंस. आज खिडकीशी पत्रं धरून पाहिली. मला नुसता चुरगळलेला कागद दिसतो. ती नजर तुझी.

मला तुझ्या त्या छंदाचा फार राग यायचा. आता रोज वाचताना लक्षात येतं, बाबा प्रत्येक पत्रात आईशी बोलतात, खाली दोन ओळी माझ्याशी. तुझ्याशी एकाही पत्रात नाही. तू पोटात असल्याची बातमी पोचायच्या आत जहाज बुडालं. तुझ्या वाट्याला शिक्केच आले रे. वाईट वाटलं मला.

आई ठीक आहे असं वर लिहिलंय, ते खरं नाही. तिचं अंथरूण खाली बैठकीत आणलंय. डॉक्टर रोज येतात. आज निघताना दारात थांबून म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या.

संध्याकाळी आईनं विचारलं, "पत्रं लावायला तो येईल ना?"

तुला खरं सांगते, तिला ती सगळी पत्रं पाठ आहेत. मी वाक्य संपवायच्या आधीच तिचे ओठ ते पुरं करतात. क्रम तिला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. म्हातारी वस्ताद आहे, तिनं बरोबर तुझ्याच कामाची अडचण शोधून काढली.

तेव्हा पाकिटं पोस्टानं धाडू नकोस, मी न फोडता परत पाठवीन. आणि घाईत पाकिटं घरी राहिली, तर राहू देत. तू ये.

तुझी,
ताई