ओंकार गेस्टचा चौथा पाहुणा

वसमत, २४ ऑक्टोबर २००९

ती. अक्का,

तुझ्या पायाशी बसून लिहिते आहे असं समज.

हैदराबादच्या होस्टेलवर रविवारी न्हाणं झालं की तू मला मागच्या पायरीवर उन्हात बसवून माझे केस विंचरायचीस. गुंता आला की मी रडायची आणि तू इंग्रजीत रागवायचीस, कारण मराठी कानावर आली की सिस्टर रिबन जप्त करायच्या. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस ना, की बाटली नुसती कपाटात उभी? इकडे सगळं ठीक, असं मी तीन महिने लिहिते आहे. ते खोटं होतं. हैदराबादला मी दातांसाठी जात नाही. छातीत गाठ आहे, तिच्यावर औषधं चालू आहेत, आणि केस आता विंचरले की हातात येतात. (हे, म्हणजे तुझे शिवहारअप्पा, म्हणतात की बोअरचं पाणी जड आहे.) त्यांना कळू नये म्हणून मी किती कसरत केली, आणि तू पंचमीला दिलेल्या फोनने माझा कसा घात केला, ते सांगायला हे पत्र. आधी हसून घे, मग रागाव.

दिवाळीला शिवप्रसाद आणि सून आले होते. आकांक्षाचं पुण्यातलं कामच कम्प्युटरच्या जाळ्यांचं. आपल्या घरचं नेट रखडतं म्हणून ह्यांनी तिच्यापाशी तक्रार केली, तर तिने पाडव्याला लॅपटॉप उघडून घरातल्या हवेतून जे जे जात-येत होतं ते सगळं टिपून घेतलं. आतला मजकूर नव्हे, फक्त कुठलं यंत्र कुणाला हाका मारतं, एवढंच. घरातली यंत्रं तीन: तिचा लॅपटॉप, शिवप्रसादचा, आणि ह्यांचा हळदीचे भाव बघायचा कम्प्युटर. यादीत निघाली चार. तिने एकेक बंद करून पाहिलं. तिचा लॅपटॉप सोडून बाकी दोन्ही बंद झाली तरी चौथं आपलं जागंच.

ह्यांनी चष्मासुद्धा काढला नाही, थेट कुंपणापाशी जाऊन शेजारच्या किसनसिंगाला विचारलं की आमचं नेट तू काहून घेऊन राहिलास. किसनसिंग धार काढत होता. तो उठलाही नाही. म्हणाला, "अप्पा, माझ्याकडं म्हैस हाय. तिनं घेतलं आसंल तर इचारून बघा, माझं तर आयकत न्हाई." हे लाल होऊन परत आले आणि त्याच्याकडचं दूध बंद केलं. (दिवाळीत, अक्का. तेव्हापासून पिशवीच्या दुधाचा चहा पितो आहोत.)

आता खरी गंमत. ह्या यंत्रांना म्हणे एक खोड असते. ज्या ज्या ठिकाणी त्यांना एकदा आत घेतलेलं असतं, त्या ठिकाणांची नावं ती घरी येऊनही पुकारत राहतात, आजोळाहून परतलेल्या लेकरासारखी. आकांक्षाने चौथ्याची पुकार पडद्यावर आणली. इंग्रजीत दोनच शब्द होते: ऑन्को गेस्ट.

हे खुर्ची ओढून पुढे झाले आणि एकेक अक्षर बोटाने लावत वाचू लागले. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "ओंकार गेस्ट. औंढ्याचं गेस्ट हाऊस हाय हे. पेंटरनं अक्षरं खाल्ली. तितून आपलं नेट वढून राहिला म्हन की भाड्या."

मी कानवल्यांचा डबा हातात घेऊन उभी होते. हैदराबादला दवाखान्याच्या रांगेत माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने फोटो दाखवायला म्हणून माझ्या फोनमधलं काहीतरी चालू करून तो तिथल्या नेटला जोडून दिला होता, ते मला तेव्हा आठवलं. आकांक्षाने माझ्याकडे पाहिलं. ऑन्को म्हणजे कॅन्सरचं, हे तिला कळलं होतं आणि मला कळतं हेही तिला कळलं. ती सासऱ्यांना म्हणाली, "असेल बाबा, तिकडचंच असेल." मग स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "आई, तुमचा फोन जरा बंद करता?" मी केला. ती बाहेर जाऊन पाहून आली. यादीतून चौथं गेलं होतं. माझ्याजवळ बसून तिने फक्त "कधीपासून?" एवढंच विचारलं, आणि अर्धा डबा कानवले आम्ही दोघींनी रडत रडत संपवले.

दुसऱ्या दिवशी हे एस.टी.ने औंढ्याला गेले. ओंकार नावाचं गेस्ट हाऊस त्यांना सापडलंसुद्धा. तिथे कम्प्युटर नाही, फोनही बिघडलेला. मॅनेजरने चहा पाजला. नागनाथाचं दर्शन घेऊन, प्रसाद आणि माझ्यासाठी बांगड्या घेऊन हे खुशीत घरी आले. रोज सांगायचं ठरवते. तोंड उघडलं की हे ओंकारची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, आणि मी हसत बसते.

तुझी,
धाकटी

ता. क. खरं काम असं, की तुळशीच्या लग्नाला ये आणि त्यांना तू सांग. तुझं ते ऐकतात. मी माजघरात थांबेन.

ता. क. २. सांगून ठेवते, मागाहून घोळ नको. शिवणयंत्र द्वारकाबाईला, स्वयंपाक करते ती आपल्याकडे, पण तिचा जीव शिवणात आहे. मोत्याच्या कुड्या आणि माझी इंग्रजी डिक्शनरी आकांक्षाला. तपकिरी शाल किसनसिंगाच्या बायकोला. फोन तुझा तुला.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी. आत्ता हे आपल्या दुकानातून आले आणि माझ्यासमोर पाटावर बसले. म्हणाले, औंढ्याहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो शब्द कागदावर लिहून औषधाच्या दुकानात विचारला. मग ओंकारचं रोज काहून लावलं होतं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तू हसून राहिली होतीस." मंगळवारी हैदराबादला तेही येणार आहेत. तेव्हा अक्का, सांगायला नको येऊस, नुसती ये. वरची यादी मी त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, यंत्र, कुड्या, डिक्शनरी, कुणाला काही द्यायचं न्हाई, जितं हाय तितं राहू दे. शाल मात्र आजच किसनसिंगाच्या घरी द्यायची, आणि उद्यापासून दूध त्याच्याकडचंच.