के-४४ चा ठसा

सान इसिद्रो, गोदीमागची वस्ती
३ मार्च १९९९

ती. मानांग पुरिंग हिस,
तुझा हात कपाळाला लावून धाकट्या भावाचा, तेर्योचा, सा. न. वि. वि.

आपली आई नानाय बरी आहे, तुझी भावजय मिंडा बरी आहे, डुकरीण व्यायली, नऊ पिल्लं जगली. ख्यालीखुशाली संपली. आता ऐक.

आज सकाळी मला गोदीच्या गेटवर अडवलं. सगळ्यांदेखत कार्ड काढून घेतलं आणि फळ्यावर माझं नाव लावलं. कारण काय, तर त्या मोठ्या मालवाहू जहाजाच्या तळातल्या टाकीत पाणी भरून पाहिलं, तर एका जोडातून पाणी ठिबकलं. रंग खरवडला तर हातभर लांबीचा तडा. शेजारी ठोकलेला वेल्डरचा ठसा के-४४. म्हणजे मी.

मी हट्टाने आत जाऊन तो जोड पाहिला. मानांग, ते वेल्डिंग नव्हतं, उतू गेलेली पेज होती. अकरा वर्षं मी मान मागे टाकून डोक्यावरचे जोड मारतोय. माझा जोड अंधारात बोट फिरवून ओळखणारी माणसं या गोदीत आहेत. टाकीच्या पाटीवर तारीख आहे १४ ऑक्टोबर. ऑक्टोबरात मी गोदीत होतोच कुठे? तुमच्या एजन्सीने पाच महिने भरले म्हणून नेहमीसारखं महिनाभर घरी बसवलं होतं. सहा महिने सलग भरले तर आम्ही कायम होऊ ना! ते मी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, गेटवर नावं लिहीत नाहीत, एजन्सीचा जथा डोकी मोजून आत घेतात. एजन्सीच्या यादीत के-४४ होता, आणि के-४४ म्हणजे तू.

ठसे तुझ्या टेबलाच्या खणात असतात. कंत्राट संपलं की आम्ही तुझ्याकडे परत करतो. ऑक्टोबरात माझा कोणाकडे होता, एवढं बघून कळव.

घाई आहे, कारण गोदीचे इंजिनियर साबास यांनी शब्द दिलाय. आम्ही बारा वेल्डर गट करून आलो, तर जूनपासून गोदी थेट आमच्याशी कंत्राट करेल, मध्ये एजन्सी नाही. अट एकच, बाराही जणांचं नाव स्वच्छ हवं. मुकादम मी होणार होतो. अकरा जण माझ्याकडे बघत बसलेत.

उत्तर बादोंग कंडक्टरच्याच हाती पाठव, टपालाने आठ दिवस जातील. लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
तेर्यो

~

सेबू शहर
८ मार्च १९९९

चि. तेर्यो यास,
मानांगचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. त्याआधी बादोंगने खबर पोचवली, की तू गार्डवर हेल्मेट भिरकावलंस. पन्नाशी चार वर्षांवर आली, तरी लहानपणी चर्चच्या कोंबड्यावर दगड मारणारा तेर्यो काही सुधारला नाही. गार्डच्या बायकोने परवा नानायला सुकी मासळी दिली होती, ती तरी आठवायची.

मी आमच्या एजन्सीच्या वेलायोसाहेबांकडे विषय काढला. ते म्हणाले, कागदावर के-४४ तुझ्याच नावावर आहे. पण माणूस जुना आहे, वाऱ्यावर सोडणार नाही. एक माफीपत्र लिहून दे, चूक झाली म्हणून. मग ते तुला दोन महिन्यांत पलीकडच्या बेटावरच्या गोदीत नवा ठसा देऊन पाठवतील. मला वाटतं, दे लिहून. कागद आहे, चार दिवसांत लोक विसरतील.

एजन्सीला शिव्या घालतोस, पण थोडा विचार कर. तू गॅरेजमध्ये साखळ्या जोडत होतास, तेव्हा गोदीने तुला दारात उभं केलं असतं का? डॉक्टरी तपासणी, विमा, चाचणीचे कागद, सगळं मी इथे बसून करते. गोदीला परवा वीस माणसं हवी असतात, तेरवा नको असतात. ती कोण गोळा करणार, तुझे साबास? तुमच्या बाराजणांच्या गटात एकाला ताप आला, तर दुसरा कुठून आणाल? मुकादमकी बोलायला सोपी आहे.

माझ्या लेकीच्या, तेसीच्या, नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. नानायच्या डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा. ती नाही म्हणेल, तरी घाल. राग कमी आणि जेवण जास्त कर. आठवण ठेवत जावी.

तुझी,
मानांग पुरिंग

~

सान इसिद्रो
१३ मार्च १९९९

ती. मानांग हिस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. नानाय आहे, तेसी आहे, चर्चचा कोंबडासुद्धा आहे. मी विचारलं होतं त्याचं उत्तर तेवढं नाही. शेळी हरवली होती तेव्हाही तू असंच केलं होतंस. बाबांनी विचारलं शेळी कुठे, आणि तू त्यांना अर्धा तास शाळेतली गोष्ट सांगत बसलीस. दावं तूच सोडलं होतंस.

माफीपत्र देणार नाही. वेलायोला सांग, मी ते जाळून त्यावर मासा भाजला. जी चूक केली नाही, तिच्याखाली सही केली तर ती माझीच होते, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. पलीकडच्या बेटावर काय, गोद्यांमध्ये बातमी आमच्याआधी पोचते.

तारखेबद्दल तुला शंका नसावी. १४ ऑक्टोबर म्हणजे नानायचा सत्तरावा वाढदिवस. तू शहरातून केक घेऊन आली होतीस, तो डोंगरातल्या वळणांवर अर्धा चेपला होता. अख्खं डुक्कर मी भाजलं. दिवसभर सळई फिरवून माझा हात भरून आला, तेव्हा तेल तूच चोळलंस. त्याच हाताने मी त्याच दिवशी जहाजाच्या पोटात वेल्डिंग मारत होतो का? तू सांग.

काल बारांपैकी दोघे येऊन चाचरत म्हणाले, की तुझं मिटेपर्यंत दुसरा मुकादम बघू का. त्यांचं चुकलं नाही. म्हणून जास्त संताप येतो.

ठसा कोणाला दिला होता? बाकी काही लिहू नकोस. लोभ उरला असेल तर एवढ्या एका ओळीचं उत्तर दे.

तेर्यो

~

सेबू शहर
२० मार्च १९९९

चि. तेर्यो यास, अ. उ. आ.

मी दिला. रेनातो गाबुया नावाच्या माणसाला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गोदीने दोन दिवसांत पंधरा वेल्डर मागितले. नव्या माणसाच्या चाचणीला तीन दिवस लागतात. वेलायो म्हणाला, घरी बसलेल्यांचे ठसे खणात पडून आहेत, त्यांच्या चाचण्यांची मुदत अजून आहे, ते दे वाटून. हे आधीही व्हायचं, दोन-तीन ठसे. या वेळी नऊ दिले. गाबुया चाळिशीचा, त्याने जन्मभर लोखंडी फाटकं आणि तीनचाकीचे सांगाडे जोडलेले. तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, बाई, डोक्यावरचा जोड मला येत नाही. मी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं आणि सही कर म्हटलं. मान वरसुद्धा केली नाही. के-४४ तुझा आहे हे मला ठाऊक होतं. मनात म्हटलं, लोखंडाचा तुकडा तर आहे. मग तुझ्याकडे येऊन केक कापला.

आता पुढचं. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी वेलायोने मला रजिस्टरचं ते पान नव्याने लिहायला लावलं. गाबुयाचं नाव काढून तुझं घातलं, म्हणजे ऑक्टोबरात तू सुट्टीवर नव्हतास, कामावरच होतास. मी लिहिलं. तेसीचं वर्ष, घराचं भाडं, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि लिहिलं. जुनं पान मात्र फाडून टाकायला सांगितलं होतं, ते मी पिशवीत घालून घरी आणलं. का आणलं, सांगता येत नाही.

रात्री ते खोटं पान वाचताना एक गोष्ट लक्षात आली. मे ते सप्टेंबर तू होतासच. नोव्हेंबर ते मार्च आहेसच. मधला ऑक्टोबर वेलायोने स्वतःच भरून दिला. म्हणजे अकरा महिने सलग. कायद्याने तू कायम झालास! हे पान घेऊन मजूर कचेरीत गेलास तर तुला कोणी हात लावू शकत नाही. अकरा वर्षांत जे मिळालं नाही ते त्याने तुला फसवायच्या नादात देऊन टाकलंय. विचार कर. मी ते पान काढून देते.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. आशीर्वाद मात्र थोरलेपणाचा आहे, तो घेच.

पुरिंग

~

सान इसिद्रो
२३ मार्च १९९९

मानांग,

नमस्कार नेहमीचाच समज, आज लिहवत नाही.

दोन दिवस जेवण टाकून उठलो. नानायने विचारलं तर दाढ दुखते म्हणालो. वेलायो परका आहे. तो खोटं बोलला तर मला नवल नाही. तू माझ्या हाताला तेल चोळत होतीस आणि तुला माहीत होतं, की माझा ठसा दुसऱ्याच्या खिशात आहे.

कायम व्हायचा तुझा मार्ग मला नको. कायम होईन, पण तो पेजेसारखा जोडही कायम माझ्या नावावर राहील. उद्या ते जहाज भर समुद्रात फुटलं तर आतली वीस माणसं के-४४ ने मारली असं होईल. मला माझं नाव परत हवं. नोकरी मी त्या नावावर मिळवीन.

सोमवारी सकाळी दहाला साबास चौकशी करणार आहेत. वेलायोही येईल. तू यावंस असं मी म्हणणार नाही. शेळीच्या वेळी मीही बाबांना तुझं नाव सांगितलं नव्हतं.

तेर्यो

~

सेबू शहर
३० मार्च १९९९

चि. तेर्यो यास, अ. उ. आ.

काल चौकशी संपली आणि तू माझ्याशी न बोलता निघून गेलास. मी गेटवर बादोंगच्या बसची वाट पाहत दोन तास उभी होते. तुझा हक्क आहे. पण तुला बाहेर बसवलं होतं, तेव्हा आत काय झालं ते माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिते.

वेलायो फाइल घेऊन आला होता, छान इस्त्रीचा शर्ट. त्याने नवं पान पुढे केलं. साबासांनी मला विचारलं, हे अक्षर तुमचं का. मी हो म्हटलं आणि पिशवीतून जुनं पान काढून शेजारी ठेवलं. म्हटलं, हेही माझंच. आता साहेबांनीच सांगावं, यातलं खरं कोणतं. नवं खरं असेल, तर तेर्यो अकरा महिने सलग कामावर आहे, तो कायम झाला. त्याच्यासारखे आणखी किती आहेत ते मजूर कचेरी येऊन मोजेल. आणि जुनं खरं असेल, तर जोड गाबुयाचा आहे आणि तुम्ही न तपासलेली नऊ माणसं जहाजाच्या पोटात घातलीत.

तेर्यो, त्या माणसाचं तोंड बघायला तू आत हवा होतास. दोन्ही पानांवरून त्याची नजर अशी फिरत होती, जणू कोणतंही उचललं तरी चटका बसणार. शेवटी त्याने जुन्या पानावर बोट ठेवलं. स्वस्त तेच होतं. मग सारं माझ्या अंगावर ढकललं, की बाईंनी परस्पर ठसे वाटले. मी म्हटलं, वाटले. रजिस्टरवर रोज संध्याकाळी सही कोणाची असते तेवढं बघा.

साबासांनी तुझं नाव फळ्यावरून काढायला सांगितलं आणि नऊही जणांचे जोड पुन्हा तपासायला लावले. निघताना वेलायो हसून त्यांना म्हणाला, घ्या बारा जणांचा गट, तीन महिन्यांत तोच एक छोटी एजन्सी होतो की नाही बघा. मला त्याने जिन्यातच कामावरून काढलं. एकोणीस वर्षं त्या खुर्चीत बसले, आणि वस्तू म्हणून निघाली एक फुलदाणी आणि पायातल्या सपाता.

तेसीचं कसंतरी होईल, ती शिकवण्या घेणार म्हणते. मला दया नको. तू बरोबर होतास एवढंच सांगायचं होतं. पवित्र आठवडा आहे, नानायला माझ्या वतीने चर्चमध्ये ने. लोभ मागायला तोंड नाही, जमेल तेव्हा दे.

पुरिंग

~

सान इसिद्रो
१८ जून १९९९

ती. मानांग पुरिंग हिस,
तुझा हात कपाळाला लावून सा. न. वि. वि.

अडीच महिने लिहिलं नाही, कारण लिहायला बसलो की शिव्याच यायच्या. अजूनही येतात. नानाय म्हणते, डोळ्यांपेक्षा तुमच्या दोघांच्या भांडणाने मला जास्त अंधारी येते. तिच्यासाठी लिहितोय असं समज.

तो जोड मी स्वतः कापून काढला आणि पुन्हा मारला. गाबुयाला सोबत नेलं होतं. मला वाटलं होतं, त्याला दोन ठेवून देईन. तो टाकीच्या तोंडाशी हेल्मेट हातात धरून उभा होता. म्हणाला की मी बाईंना सांगितलं होतं, मला येत नाही म्हणून. मी त्याला म्हटलं, आत ये आणि बघ. आता तो रोज सुट्टी झाल्यावर भंगाराच्या पत्र्यावर डोक्यावरचा जोड मारायला शिकतो. हात जड आहे, पण ऐकतो.

एक जूनपासून गट सुरू झाला. कागदावर गोदी आणि आम्ही, मधलं नाव नाही. सुट्टीचा महिनाही नाही. पहिल्या दिवशी बाराही जणांनी गेटवर नाव लिहून आत पाऊल टाकलं. मी माझं नाव इतकं मोठं लिहिलं की गार्ड हसला.

आता ज्यासाठी लिहितोय ते. मंगळवारी गोदीने घाईने दोन माणसं जास्त मागितली, आणि आमचा पाब्लितो तापाने पडला होता. तर आपला इस्को, गेटवर माझ्यासाठी भांडलेला इस्को, मला बाजूला घेऊन म्हणाला की पाब्लितोचा ठसा देऊ माझ्या मेव्हण्याला, दोनच दिवसांचा प्रश्न आहे, कोणाला कळतंय. मी त्याची कॉलर धरली. बाकीच्यांनी सोडवलं. पण मानांग, सोडवणाऱ्यांतले चौघे मनातून इस्कोच्या बाजूचे होते. मला दिसत होतं. वेलायो हसून बोलला ते खोटं नव्हतं, आणि ते खरं व्हायला पुरते पंधरा दिवसही लागले नाहीत.

मी मुकादम आहे, टाकीच्या पोटात असतो. ठशांच्या खणापाशी मला बसता येत नाही. तिथे असं माणूस हवं, ज्याला तो खण एकदा उघडल्याने काय होतं ते ठाऊक आहे. असं आमच्यात कोणी नाही. मी तुझं नाव सांगितलं. इस्को ओरडला, की हिनेच तर वाटले होते. मी म्हटलं, म्हणूनच.

पगार एजन्सीपेक्षा कमी. टेबल आहे, एक पाय डुगडुगतो. मी तुला माफ केलंय असं समजू नकोस, ते कधी होईल मला माहीत नाही.

सोमवारी सकाळी सातला ये. सपाता घेऊन ये, जमीन ओली असते. ठसा देताना मान वर करायची आणि माणसाच्या तोंडाकडे बघायचं. रांगेत पहिला मी उभा असेन.

तुझा,
तेर्यो