उभ्या गाडीचं डिझेल

केज,
१८ एप्रिल २०२५

चि. पंचशीला हिस,
काकाचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं, पण खुशाल नाही. भीमजयंतीला तू आली नाहीस म्हणून तुझी पारूकाकू रुसली होती, आता ते रुसणंही मागं पडलं. फोन केला असता, पण फोनवरचे आकडे माझ्या डोक्यात राहत नाहीत आणि हे प्रकरण सगळं आकड्यांचंच आहे.

आपला बाळू दोन वर्षांपासून तेलगावचे पुढारी धोंडीरामअण्णा यांच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, हे तुला ठाऊकच आहे. अण्णांनी दिवाळीत नवी गाडी घेतली. परदेशी कंपनीची, डिझेलची, उंच. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस मी, पण पहिल्यांदा तिच्यात बसलो तेव्हा हात कुठं ठेवावेत ते कळेना. खाली रस्ता आहे की नाही तेच समजत नव्हतं. कंपनीच्या पुस्तकात तिचा ॲव्हरेज लिटरला पंधरा किलोमीटर लिहिलाय. अण्णांनी ते पान लॅमिनेट करून बैठकीच्या भिंतीवर लावलंय. प्रत्यक्षात गाडी देते सात. मग निम्मं डिझेल जातं कुठं, असा अण्णांचा सवाल.

परवा ते स्वतः गाडी चालवत आपल्या दारात आले. खाली उतरले नाहीत. काच खाली करून बाळूला म्हणाले की डिझेल चोरतोस बे, लगीनसराई झाली की तुला पोलिसातच देतो. लगीनसराईत दुसरा ड्रायव्हर मिळत नाही म्हणून तेवढी मुदत. बाळूची अंजली अंगणात चौथीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती, तिनं सगळं ऐकलं. जेवायला बसल्यावर तिनं बापाला विचारलं, पप्पा, तुमी खरंच चोरलं का. बाळूचा घास तोंडातच राहिला. न्हाई म्हणाला, पण त्या दिवसापासून पोर त्याच्याशी धड बोलत नाही.

पोलिसांचं काय ते मी बघून घेईन. मला त्या पोरीच्या तोंडावरचा संशय घालवायचाय. असे आकडे जिथं काढतात तिथं तू नोकरीला आहेस. पंधरा खरे की खोटे, एवढं सरळ सांग.

काकू विचारते की तू जेवतेस का वेळेवर. कळावे. माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा काका,
आश्रुबा

•

पुणे,
२५ एप्रिल २०२५

ती. काकांस,
पंचशीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून मन खूप खट्टू झालं. बाळूदादानं मला लहानपणी त्याच्या सायकलच्या दांडीवर बसवून अख्खं केज फिरवलंय. माझी दोन रुपयांची पडलेली नोट शोधायला तो अर्धा बाजार मागे गेला होता. त्याला चोर म्हणणाऱ्याच्या गाडीची हवा सोडावी असं वाटलं, पण तुम्ही रागवाल.

काका, पंधरा हा आकडा खोटा नाही. तो कसा निघतो ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दिवसभर मला दुसरं काही सुचलं नव्हतं. एका बंद खोलीत गाडीची चाकं जमिनीतल्या रोलरवर ठेवतात. खोलीत ऊन नाही, वारा नाही, खड्डा नाही. समोरच्या पडद्यावर एक रेघ सरकते आणि चालक त्या रेघेप्रमाणे वेग वाढवतो, कमी करतो, थांबतो. वीस मिनिटांत दहा-अकरा किलोमीटर, आणि गाडी वीतभरही पुढं जात नाही. नव्वदच्या वेगानं चाकं फिरतात आणि मी तिच्याशेजारी स्वस्थ उभी!

पुढचं ऐका. डिझेल किती गेलं ते टाकीत बघतच नाहीत. मागून निघणारा धूर मोठ्या पिशव्यांत धरतात, त्यात काय काय किती आहे ते तपासतात आणि त्यावरून किती डिझेल जळालं ते सांगतात. राखेवरून भाकरी किती झाल्या ते सांगावं तसं.

पण तो आकडा त्या खोलीतला आहे. तिथं एसी बंद असतो. पाच माणसं, मागं हारांची पोती, बेचाळीस डिग्रीचं ऊन, मांजरसुंब्याचा घाट, यातलं काहीच नसतं. एवढी जड गाडी आपल्याकडच्या रस्त्यावर अकरा-बारा देईल. सात मात्र मलाही कमी वाटतात. म्हणून एक विचारते. दादा ती गाडी उभी असताना इंजिन बंद करतो का?

काकूला सांगा, जेवते. आता हिशेबाचं काय ते तुम्हीच बघा. इथं सगळे मला हुशार समजतात, पण पिस्टनचा आवाज तुम्हाला कळतो तसा कुणालाच कळत नाही. आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू द्या.

तुमची,
पंचशीला

•

केज,
७ मे २०२५

चि. पंचशीला हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

धुराचं मी तीनदा वाचलं आणि काकूलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, इतकी वर्षं चुलीचा धूर डोळ्यात गेला, कुणी पिशवीत धरला न्हाई. मी मात्र त्या दिवशी जेवणच विसरलो. माणसानं केवढी मजल मारली, आणि आपल्या घरातली पोरगी त्या रोलरशेजारी उभी राहते!

आता ऐक. तुझं पत्र आलं त्याच दिवशी बाळूला विचारलं. त्यानं मान खाली घातली. एकदा आडसच्या लग्नात अण्णा भर दुपारी जेवून आले तेव्हा सीट तापलेली होती. त्यांनी चारचौघांत बाळूला झापलं आणि हुकूम दिला की मी गाडीत पाय ठेवीन तेव्हा गाडी गारच पाहिजे. तेव्हापासून अण्णा मंडपात, मयताला, बैठकीला असले की बाहेर इंजिन चालू, एसी चालू. अण्णांचा समज असा की गाडी हलली नाही तर डिझेल जळत नाही. मी बाळूवर चिडलो, हे आधी काहून सांगितलं न्हाईस म्हणून. तो म्हणाला, मालकाला कसं सांगू की तुमचीच चूक हाय, त्यांना वाटंल चोरी झाकाया बोलतोय. खरंच होतं त्याचं.

डेपोत दर ड्रायव्हरला दहा लिटरमागं किती किलोमीटर पडले त्याची पाटी लागायची, आणि उभी बस चालू ठेवली की जाब द्यावा लागायचा. म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही की कुणी असं करत असेल.

मग मी सरळ अण्णांच्या बैठकीत गेलो. म्हणालो, चोर धरायचा तर रंगेहाथ धरा. टाकी काठोकाठ भरा, झाकणावर कागद चिकटवा, त्यावर तुमची सही आणि बाळूची सही. तुम्ही पुढं बसा, मी मागं बसतो. अण्णा हसले, पण आले.

पहिल्या दिवशी केज ते पाटोदा जाऊन-येऊन एकशे चाळीस किलोमीटर. मधे कुठं गाडी उभी केली नाही. कागद न फाटता परत पंपावर, तिथल्या सटवानं पुन्हा काठोकाठ भरलं. बारा लिटर चारशे. म्हणजे अकराच्या वर. अण्णा म्हणाले, पंधरा तरी कुठं झाले. मी म्हणालो, उद्या लग्नं हायत, उद्या बोलू.

दुसऱ्या दिवशी तीन लग्नं. मी मंडपात गेलो नाही. घड्याळ घेऊन गाडीत बसून राहिलो. गाडी एकूण पाच तास वीस मिनिटं उभी चालू होती. किलोमीटर एकशे छत्तीस. पंपावर नळी लावायच्या आधी मी सटवाला आणि अण्णांना सांगितलं की साडेएकोणीस लिटर जाईल. इंजिनाचा आवाज ऐकून धरलेला अंदाज होता. काटा एकोणीसवर आला तेव्हा बाळूनं डोळे मिटले. साडेएकोणीसला बंद झाला नाही. एकोणीस लिटर सहाशेला झाला.

अण्णा त्या काट्याकडं बघत राहिले. मग न बोलता गाडीत बसले आणि एकटेच निघून गेले. चूक कळली हे तोंडावर दिसत होतं, पण कबूल केली नाही. म्हणून इथं अजून सगळं तसंच आहे.

कळावे. आठवण ठेव आणि पत्र टाक.

तुझा काका

•

पुणे,
१३ मे २०२५

ती. काकांस,
सविनय जयभीम. वि. वि.

काल बुद्धपौर्णिमा, सुट्टी होती, म्हणून तुमचं पत्र निवांत दोनदा वाचलं. आज ते कामावर घेऊन गेले आणि आमच्या मोठ्या साहेबांना वाचून दाखवलं. फक्त शंभर मिलिलिटरचा फरक, काका! एक पेलासुद्धा भरत नाही. साहेबांनी चष्मा काढला आणि मला म्हणाले की तुमच्या काकांना एकदा इथं बोलवा, आम्हाला त्यांचा कान बघायचाय. आम्हाला जे काढायला खोलीभर यंत्रं लागतात ते तुम्ही मागच्या सीटवर बसून काढलंत. मी तुमची पुतणी आहे याचा आज मला जरा जास्तच तोरा चढलाय, तेवढा माफ करा.

पण अण्णांचं न बोलता जाणं मला आवडलं नाही. दादाचं नाव धुतलं जायला हवं. अंजली बोलते का त्याच्याशी? लवकर कळवा. तुमची सावली आहे तोवर मला काळजी नाही.

तुमची,
पंचशीला

•

केज,
२१ मे २०२५

चि. पंचशीला हिस,
काकाकडून आशीर्वाद व जयभीम.

साहेबांना सांग, कान म्हातारा झालाय, लवकर बोलवा.

अण्णांनी चार दिवसांनी बाळूला बोलावून चावी हातात दिली. म्हणाले, येत्या रविवारी धारूरच्या लग्नात आशीर्वादाला माझ्या हातात माइक येईल, तेव्हा हजार माणसांत सांगतो की माझा ड्रायव्हर चोर न्हाई. मोठं मन म्हणायचं. पण आपला बाळू, जो कधी मालकापुढं मान वर करत नाही, तो म्हणाला, अण्णा, माइकवर नका सांगू. त्या लोकांनी मला चोर म्हणलेलं ऐकलंच न्हाई. ज्या पोरीनं ऐकलं तिला येऊन सांगा. मला हे बाळूनं सांगितलं तेव्हा हा माझ्याच घरात वाढला का, असं वाटलं.

हजार माणसांत बोलणं त्यांना रोजचं आहे, एका पोरीसमोर बोलणं अवघड.

काल दुपारी ते आले. गाडी लांब वडाखाली लावली आणि उन्हातून पायी आले. आमच्या घरात आजवर ते कधी शिरले नव्हते. काल आत येऊन खाली चटईवर बसले. पारूनं पाणी दिलं, ते पूर्ण तांब्या प्याले. मग अंजलीला समोर बसवून म्हणाले की बाळा, तुझ्या पप्पानं डिझेल चोरलं न्हाई, मी चुकीचं बोललो. अंजलीनं त्यांच्याकडं बघून विचारलं, मग डिझेल गेलं कुठं.

सभा गाजवणाऱ्या त्या माणसानं घाम पुसला, माझ्याकडं पाहिलं, बाळूकडं पाहिलं. शेवटी त्या एवढ्याशा पोरीला म्हणाले, मीच जाळलं गं, गार हवेत बसायला.

अंजली उठली आणि बापाच्या मांडीवर जाऊन बसली. चौथीतली घोडी, मांडीवर मावत नव्हती, तरी बसली.

बाळूनं तिला तसंच धरून ठेवलं. अण्णा जायला उठले तरी तो उठला नाही, आणि अण्णांनीही त्याला उठवलं नाही.

कळावे. तुझा लोभ या घरावर असाच असू दे.

तुझा काका,
आश्रुबा