हबोबाचं मलम

८ जानेवारी, खार्तूम
आज संग्रहालयात कामावर रुजू झाले. आमचं हल्फा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा मी शाळेत होते. पाणी चढण्याआधी तिथून काढलेल्या वस्तू आता माझ्या हाताखाली असणार. आईला तर रडूच आलं. जोडीला अवातिफ आहे, पन्नाशीची, भारी बोलघेवडी. तिने मला कपाटाच्या खणात ठेवलेली, जुन्या थडग्यातली मेलेली बाई दाखवली. वाळूने सुकवलेली, कातडी चिंचेच्या टरफलासारखी. सगळे तिला हबोबा, म्हणजे आजीच म्हणतात. शेजारी तिच्याच थडग्यातलं गाडगं. आत सुगंधी चरबीचं मलम, अजून मऊ. दुपारी आम्ही दोघींनी एकाच थाळ्यात फूल म्हणतात ती वालांसारख्या दाण्यांची उसळ खाल्ली, भरपूर कांदा घालून. हे काम मला मानवणार.

१७ जानेवारी
उत्तरेचा वारा सुटलाय. बोटं भेगाळून रक्त येतं, जुने मणी ओवता येत नाहीत. अवातिफने सरळ गाडग्यात बोट घातलं आणि माझ्या हातांना चोळू लागली. ती स्वतः वर्षभर चोरून लावते म्हणे. मी हात मागे घेतला तर म्हणाली, "अगं पोरी, हबोबा हजारो वर्षं लावतेय. तिची काही तक्रार आली का?" मला हसू आवरेना. संध्याकाळपर्यंत भेगा मिटल्या होत्या.

२६ जानेवारी
मीही रोज लावतेय, हात लोण्यासारखे झालेत. पण जेवताना ज्वारीचा भाकरीसारखा पातळ किसरा तोडला की त्यावर तेलकट ठसे उमटतात. आईने आपला घास बाजूला सारला. खवट वास येतोय म्हणाली. साबण लावला, राखेने घासलं. पुन्हा पाझरतंच. आणि आम्ही एवढं उपसूनही गाडगं काठोकाठ भरलेलं.

२ फेब्रुवारी
अवातिफ वाळत चाललीय. बांगड्या दंडापर्यंत चढतात. दवाखान्यात चल म्हटलं तर हसण्यावारी नेलं. मी एकटीने खण उघडला. हबोबाचं पोट वर आलंय. गाल भरलेत. बोटाने दाबलं तर खळगा पडला आणि सावकाश भरून आला. बोटाला पिवळं काहीतरी चिकटलं. बाहेर जाऊन ओकले. साहेबांना सांगितलं, नाकाला रुमाल लावून ते म्हणाले, दमट हवेने होतं असं. दमट हवा, खार्तूमच्या हिवाळ्यात! बोलता बोलता ते माझ्यापासून दूर सरकत होते.

६ फेब्रुवारी
अवातिफ गेली. तिला न्हाऊ घालायला मीही बसले. पाणी अंगावर ठरत नव्हतं. परातीत तवंग. कातडीखाली मांस म्हणून नव्हतंच. न्हाऊ घालणारी म्हातारी एवढंच म्हणाली, "हिला आतून कुणी खाल्लं?"

७ फेब्रुवारी
गाडगं ओघळतंय. हात लावला तर कोमट. अवातिफच्या केसांना चंदनाचा वास यायचा, तोच त्याला — माझ्या भेगा पुन्हा उलल्या. रक्त थांबेना. किळस येत होती. तरी लावलं.

८ फेब्रुवारी
भरदुपारी गाडगं नदीत टाकायला निघाले. हातातून निसटलं, फुटलं — सगळं पायांवर. पुसायला वाकले तर काहीच नाही. पायांनी पिऊन टाकलं —

९ फेब्रुवारी
उठवत नाही. अंथरूण चिकट. बोटांवरची कातडी मोज्यासारखी सरकते — लेखणी धरताना —
संग्रहालयातून निरोप आला. खण रिकामा आहे.
आई बाहेरून सांगतेय, दारात कुणी गुटगुटीत म्हातारी आलीय. आपल्याच बोलीत बोलते, पण फार जुनी बोली. तुझे पाय चोळून देते म्हणते. हात किती मऊ गं तिचे, म्हणाली आई. आई, नको — कडी — आईने तिला आत घे