उपरण्याखालची स्टेज

चि. सौ. शालूस अक्काचे पोटभर आशीर्वाद. सासूबाईंचे गुडघे, योगीराजरावांचा खोकला आणि तुमची शेळी, तिघं बरी असतील. आमी मजेत. फोन तुमच्यात स्पीकरवरच असतो, म्हणून पत्र लिहिते.

माझ्या दुखण्याची खबर तुला अर्धीच कळाली. परभणीचे डॉक्टर म्हणाले, स्तनाचा कॅन्सर, दुसरी स्टेज. (गाठ केवढी, काखेत शिरली का, आणखी कुठं पसरली का, त्यावरून स्टेज ठरती.) तुझे दाजी तीस वर्षं बैलबाजारात दलाली करायलेत, तिथं भाव उपरण्याखाली बोटं दाबून ठरतो. त्यांनी शांतपणे ऐकलं, खांद्यावरचं उपरणं काढून डॉक्टरांच्या हातावर टाकलं आणि खालून एकच बोट दाबलं. म्हणजे, पहिलीवर मिटवा. डॉक्टरांनी हात ओढून घेतला. ह्यांना वाटलं सौदा फिसकटायलाय, म्हणून दीडवर आले. तरी ऐकंनात, तर म्हणाले, बाईचे दात बघा, एक पण हलत न्हाई. मी त्यांचं उपरणं ओढून घेतलं आणि आपली फरशी बघत बसले.

कॅन्सरच्या पण जाती असतात, बरं का. माझा हार्मोनवर पोसणारा, त्याला हार्मोन अडवायची गोळी लागू पडती. एक हर-टू नावाच्या प्रोटीनवर वाढणारा, त्याचं इंजेक्शन वेगळं. एकाला ह्या दोन्हीतलं काहीच लागू न्हाई, त्याला केमोवर जास्त भर. हे ऐकून ह्यांना धीर आला. जात कळाली की चारा कळतो, म्हणाले.

मग ऑपरेशन, मग दर तीन आठवड्यांनी केमो. लाल औषध चढलं की लघवी लाल. मी बोंब ठोकली, तर नर्स म्हणाली, अगोदरच सांगितलं होतं. (सांगितलं असंल. मी तवा रडायले होते.) केस गेले. मेंढरंवाला धोंडीबा म्हणाला, कातरल्यावर लोकर दाट येती. आली, पण कुरळी आली. आता पाच वर्षं रोज एक गोळी. हे स्वतः देतात, आणि गिळली का ते तोंड उघडून बघतात. सवय, दुसरं काय.

तुझी,
कस्तुराअक्का

ता.क. इथवर सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखव. खालचं नको.

ता.क. पंचमीला झोक्यावर तू म्हणालीस, छातीत हरभऱ्याएवढी गाठ लागती, पण दुखत न्हाई, कुणाला सांगू नको. शाले, माझी पण दुखत नव्हती. मी आठ महिने पापड लाटत बसले. सगळ्याच गाठी वाईट नसतात, पण तपासल्याबिगर कोण सांगणार? सोमवारी देवगाव फाट्यावरून पहिल्या गाडीनं मानवतला ये. घरी सांग, पत्रामागून निरोप आला, अक्का परत लय आजारी हाय. दाजी स्टँडवर थांबतील, तिथून परभणीला जाऊ. त्यांनी उपरणं धुऊन ठेवलंय. ह्या बारीला मी अडवणार न्हाई.