चौदा नंबरमधली दुसरी कॉट

सिल्लोड,
शुक्रवार, संध्याकाळ

प्रिय सायली,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल, रोज वर्गात तीन बाक सोडून बसते आणि हिनं पत्र कशाला लिहिलं. फोन करणार होते. पण फोनवर तू रडतेस, आणि तू रडलीस की मी माझं म्हणणं सोडून तुझीच समजूत घालत बसते. पाचवीपासून हेच चाललंय. कागदावर तरी मला शेवटपर्यंत बोलता येईल. हे पत्र उद्या वसतिगृहाच्या फाटकावर कडुबा मामांकडं देणार आहे. संध्याकाळी आत जाताना ते तुला देतील. मधेच ठेवू नकोस, पूर्ण वाच.

घरी सगळे बरे आहेत. आईच्या अंगणवाडीत पोरं वाढलीत, मदतनीस मात्र ती एकटीच. पप्पा अजून कंत्राटी वायरमनच आहेत. कायम करतो म्हणणारा साहेब पुन्हा बदलून गेला. बाजारात मका यायला लागलाय, त्यामुळं पहाटे स्टँडवर जाताना ट्रॅक्टरांच्या रांगेतून वाट काढावी लागते. साडेपाचची गाडी चुकली की पहिलं लेक्चर गेलं. रस्त्याचं काम चालू असलं की दोन तासांचे अडीच होतात. उभ्यानं झोपता येतं, हे मला या दोन महिन्यांत कळलं. तुला हे नवीन नाही. प्रॅक्टिकलला मी पेंगायला लागले की तूच मला कोपरानं ढोसतेस आणि हळूच हसतेस. त्या हसण्याचं मला बरं वाटायचं.

जुलैतला तो दिवस आठवतो का, आपण राहायची जागा बघायला शहरात गेलो होतो? तुझ्याकडून तुझी आई मंजुषाकाकू, माझ्याकडून पप्पा आणि आपण दोघी. तुला फार्मसीला नंबर लागला, मलाही त्याच कॉलेजात लागला, म्हणून काकूंनी स्टँडवर पेढे घेतले होते. क्रांती चौकाजवळच्या त्या खाजगी हॉस्टेलमध्ये प्लायवूडच्या भिंती होत्या, आणि टेबलामागं बसलेल्या बाईंनी आधी वही उघडून आडनावं विचारली. मी तोंड उघडायच्या आत तू बोललीस, "दोघी फरकाडे. चुलतबहिणी आहोत." काकू दुसरीकडं बघायला लागल्या. पप्पा बाहेर मीटरचा बोर्ड बघत होते, त्यांनी ऐकलं नसावं. ते आत येऊन एवढंच म्हणाले की वायरिंग उघडी आहे, पोरींना इथं नको. खाली जिन्यात तू माझा हात दाबलास. मला वाटलं, माझी मैत्रीण किती हुशार, बाईंचा प्रश्न माझ्यापर्यंत पोचूच दिला नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला कौतुकानं सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "तुला आडनाव नाय का तुझं?" मला आईचाच राग आला होता.

औरंगपुऱ्यातली जागा तुला अंधारी वाटली. मग कॉलेजचं वसतिगृह पाहिलं आणि तू पहिल्या मजल्यावरच्या चौदा नंबरच्या दारातच म्हणालीस, हीच. दोन लोखंडी कॉटा, एक पंखा, दोन कपाटं, त्यातल्या एकाचं कुलूप लागत नव्हतं. खिडकीजवळची कॉट कुणाची यावर आपण एवढं भांडलो की रेक्टर मॅडम हसल्या. शेवटी ठरलं, पहिलं सेमिस्टर तुझं, दुसरं माझं.

तेव्हा समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहाच्या यादीत माझं नाव लागलेलं होतं. राहणं, जेवण, सगळं सरकारी. तुला मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तू आमच्या घरी आलीस, स्वयंपाकघरात माझ्या आईशेजारी पाटावर बसलीस आणि म्हणालीस, "तू तिकडं गेलीस तर मी शहरात एकटी कशी राहू, विशू?" पप्पांचं म्हणणं होतं की अशी जागा सहज मिळत नाही, सायली काय, रोज वर्गात भेटंलच की. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते अर्धा रोज बुडवून माझ्यासोबत नकारपत्र द्यायला आले. तिथल्या कारकुनानं मला दोनदा विचारलं, नक्की ना, पोरी? मागं बदनापूरची एक मुलगी तिच्या आजीबरोबर उभी होती. माझी जागा तिला मिळाली. आजीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, चला, दोघींचं चांगलं झालं.

मग आपला तो जोडीचा अर्ज. दोघींच्या सह्या हव्या होत्या आणि गुरुवार शेवटचा दिवस होता. नेमकं त्याच दिवशी मला जात पडताळणीच्या कार्यालयात मूळ कागद घेऊन बोलावलं होतं. तिथं रांग कधी संपेल सांगता येत नव्हतं, म्हणून सकाळी क्रांती चौकात उसाच्या रसाच्या गाडीपाशी मी सही केलेला अर्ज तुझ्या हातात दिला. तू तो निळ्या फायलीत नीट ठेवलास. म्हणालीस, "मी देते, तू जा. पळ, रांग वाढंल." मी पळाले.

राहायला यायचा तो रविवार मी तुला कधी पूर्ण सांगितला नाही. गादीची वळकटी, पत्र्याची पेटी, आईनं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, असं सगळं घेऊन मी आणि पप्पा फाटकावर पोचलो. कडुबा मामांनी यादीवरून तीनदा बोट फिरवलं. चष्मा पुसून चौथ्यांदा फिरवलं. तुझं नाव होतं, चौदा नंबर. तुझ्या जोडीला संस्कृती नावाची कन्नडची मुलगी होती. माझं नाव कुठंच नव्हतं, दुसऱ्या खोलीतही नाही. ऑफिस बंद होतं. तुझा फोन बंद होता. मी वर बघितलं तर चौदा नंबरच्या खिडकीच्या गजाला तुझा पिवळा स्टोल वाळत घातलेला होता. दहावीच्या निरोपाला आपण एकसारखे घेतले होते, त्यातला. मी तो पप्पांना दाखवला नाही. पप्पा म्हणाले, "कागद इकडचा तिकडं झाला असंल. सरकारी काम हाय, व्हतं असं." परतीच्या गाडीत जागा नव्हती. सिल्लोडपर्यंत ते वळकटी कवेत धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी कँटीनमागं तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. सांगितलंस की तुझ्या वडिलांनी परस्पर बदल करून घेतला, भावकीत काहीतरी बोलणं झालं, तुझं काही चाललं नाही. मी तुझं सगळं खरं मानलं. उलट मलाच तुझी कीव आली. वाटलं, घरच्यांच्या हट्टापायी हिला परक्या मुलीसोबत राहावं लागतंय. मग दोन महिने मी बद्रीकाकांचा मनातल्या मनात तिरस्कार केला. एकदा स्टँडवर त्यांनी मोटारसायकल थांबवून म्हटलं, बस पोरी, घरापर्यंत सोडतो. मी तोंड फिरवून चालायला लागले. लहानपणी ज्यांच्या ओट्यावर बसून मी पाढे म्हटले, त्या माणसाला मी उत्तरही दिलं नाही. ते तसेच थोडा वेळ गाडी चालू ठेवून उभे होते.

गेल्या रविवारी बाजारात मंजुषाकाकूंनी मला अडवलं. भाजीची पिशवी खाली ठेवून, अगदी मनापासून दुखावल्यासारखं म्हणाल्या, "तू आमच्या सायलीला एकटं टाकलंस गं." मला काहीच कळेना. मग त्या सांगत गेल्या. तू घरी सांगितलंस की विशाखाला तिच्या लोकांत राहायचंय, ती त्या सरकारी वसतिगृहात चाललीय, म्हणून मी दुसरी मुलगी बघितली. बद्रीकाका तुला रागावले होते म्हणे, की एवढ्या वर्षांची मैत्रीण, नीट विचार तिला, आपलं काही चुकलं का. काकू बोलत होत्या आणि मी हातातल्या मेथीच्या जुडीची पानं तोडत होते. अभ्यासाचं कारण काढून निघून आले.

तरी मनाला समजावलं, की काकूंच्या ऐकण्यात काही फरक झाला असेल. बुधवारी रेक्टर मॅडमनी मला बोलावलं. संस्कृतीला पुण्याला प्रवेश मिळाला, तिची जागा रिकामी झाली, आणि यादीत नाव नाही म्हटल्यावर ऑगस्टमध्ये मी पुन्हा दिलेल्या अर्जामुळं प्रतीक्षायादीत माझं नाव पहिलं आहे, हे सांगायला. बोलता बोलता त्यांनी फाईल उघडली आणि म्हणाल्या, पण तू तर दुसरीकडं राहणार होतीस ना? आणि तुझा अर्ज माझ्यासमोर ठेवला. तुझं ते गोल अक्षर मी झोपेतही ओळखेन, मीच तुला कितीदा म्हटलंय की तुझा 'ड' बदकासारखा दिसतो. "माझी ठरलेली जोडीदार विशाखा राजेंद्र पगारे ही समाजकल्याण वसतिगृहात राहणार असल्याने तिच्याऐवजी..." खाली तुझी एकटीची सही. त्याखाली तारीख. मंगळवारची.

मंगळवारची, सायली. म्हणजे गुरुवारी सकाळी तू माझा अर्ज फायलीत ठेवत होतीस तेव्हा तुझा दुसरा अर्ज दोन दिवस आधीच जमा झालेला होता. मी त्या रांगेत दुपारभर उभी राहून हातावर खोली क्रमांक चौदा लिहीत बसले होते.

मॅडमनी विचारलं, हे खरं नव्हतं का? मी म्हटलं, काहीतरी गैरसमज झाला असेल. का म्हटलं, मला माहीत नाही. कदाचित त्यांच्यासमोर तुझी बदनामी झालेली मला बघवली नसती. कदाचित माझीच लाज वाटली, की इतकी वर्षं मी कुणाला ओळखत होते.

मंगळवारी नेमकं काय झालं, त्याचा मी तीन दिवस विचार करतेय. त्या दिवशी तू एकटीच वसतिगृहाच्या ऑफिसात कागद तपासून घ्यायला गेली होतीस. तिथं तुला संस्कृती आणि तिच्या मैत्रिणी भेटल्या असतील. त्यांनी विचारलं असेल, रूमवर कोण आहे तुझ्या, आणि तू माझं पूर्ण नाव सांगितलं असशील. पुढं कुणी काही बोललं का, की नुसतंच एकमेकींकडं बघितलं, ते तुलाच माहीत. पण कुणी तुझा हात धरून तो अर्ज लिहून घेतला नव्हता. हॉस्टेलच्या त्या बाईंसमोर तू मला फरकाडे करून टाकलंस, तेव्हा मला वाटलं तू मला वाचवलंस. आता वाटतं, पगारे पोरीबरोबर राहणारी म्हणून तुला ओळख नको होती, एवढंच ते होतं.

आठवीत वेरूळच्या सहलीला तुला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी माझा स्वेटर तुझ्या कमरेला बांधला आणि दिवसभर थंडीत तशीच फिरले. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही. तू माझ्यासाठी तेच केलं असतंस, यावर माझा तेव्हा पूर्ण विश्वास होता, आणि मला वाटतं तेव्हा ते खरंही होतं. तू बदललीस कधी, ते मला दिसलं नाही. तू सरळ म्हणाली असतीस, विशू, मला तुझ्यासोबत राहायला भीती वाटते, लोक काय म्हणतील, तर मला वाईट वाटलं असतं. मी चार दिवस रडले असते. पण माझी दुसरी जागा होती. तीही तूच सोडायला लावलीस आणि मग मला दोन्हीकडून बाहेर ठेवलंस. वर माझ्यासमोर तुझ्या वडिलांना वाईट ठरवलंस, आणि तुझ्या आईसमोर मला. यातलं कशाचं वाईट जास्त वाटतं, ते मला अजून ठरवता येत नाही.

आता मी हे का लिहिलं ते सांगते. रेक्टर मॅडमनी विचारलं, चौदा नंबरमध्ये राहायला तुझी काही हरकत आहे का. मी म्हटलं, काही हरकत नाही. सोमवारी मी सामान घेऊन येतेय. ती कॉट माझ्या मार्कांनी आणि माझ्या नावानं मिळालीय, मी ती सोडणार नाही आणि खोली बदलून मागणार नाही. तुला माझ्यासोबत राहायचं नसेल तर तू अर्ज दे, पण या वेळी कारण तुझं लिही. माझं नाव घालू नकोस. माफी मागायची असेल तर बद्रीकाकांची माग, मी त्यांची येत्या रविवारी घरी जाऊन मागणार आहे. एकच गोष्ट तुझ्याकडून हवी आहे. सोमवारी पप्पा मला पोचवायला येतील. त्यांना यातलं काहीच माहीत नाही. कागद हरवला होता, तो सापडला, एवढंच मी घरी सांगितलंय. काल रात्री जेवताना ते आईला म्हणत होते, बघ, शेवटी आपली सायली आणि विशू एकाच खोलीत आल्या, आता काळजी नाही. तुझ्यासाठीसुद्धा त्यांनी एक एक्स्टेन्शन बोर्ड स्वतः बसवून ठेवलाय, स्विच लावून, वायर नीट टेप करून. तो त्यांच्या हातून घे. त्यांना पाणी दे, खुर्ची दे, दोन शब्द बोल. जिन्यापर्यंत सोडायला ये. ते फाटकाबाहेर जाईपर्यंत तू त्यांची सायली राहा. माझ्याशी नंतर बोलली नाहीस तरी चालेल.

निदान कागदोपत्री तुझी रूम पार्टनर,
विशाखा राजेंद्र पगारे